धावण्याची गोडी टिकवायची असेल तर...

सुरुवातीला महिन्या-महिन्याला वेग वाढतो, पण एक दिवस तो थबकतो. अशा वेळी बूट माळ्यावर टाकायचे की उद्दिष्ट बदलायचे?

चाळिशीच्या आसपास रक्तातली साखर थोडी वर सरकली, डॉक्टरांनी वजन कमी करण्याची तंबी दिली की बरेच जण पहाटे मैदानाची वाट धरतात. पहिल्या आठवड्यात एक फेरीही धड पूर्ण होत नाही. धाप लागते, पोटऱ्या भरून येतात. त्या वेळी इच्छा एवढीच असते की न थांबता निदान एक किलोमीटर जमावे. पण नेटाने सराव केला की काही महिन्यांत हीच माणसे पाच किलोमीटर धावू लागतात आणि नाश्त्याच्या टेबलावर मिनिटा-सेकंदांचा हिशोब सुरू होतो.

पहिली वर्षे कौतुकाची

नियमित सरावाने हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. म्हणूनच नवशिक्याची प्रगती झपाट्याने होते. मग १० किलोमीटर, त्यानंतर अर्धमॅरेथॉन आणि शेवटी ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून सुरू झालेल्या मॅरेथॉनमुळे हौशी धावपटूंनाही पदकाची चटक लागली.

मात्र हाडे आणि कंडरा हृदयाइतक्या लवकर बळकट होत नाहीत. दम टिकतो म्हणून अंतर भराभर वाढवणाऱ्यांचे गुडघे, नडग्या आणि टाचा दुखू लागतात, त्या याच काळात.

घड्याळ ऐकेनासे होते

काही वर्षांनी सुधारणा थांबते. वय वाढते तशी हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती कमी होते. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही घटते. सरावाने ही घट मंदावते, पण टळत नाही. खरी परीक्षा इथे असते. काही जण जुन्या वेळेचा हट्ट धरून दुखापत ओढवून घेतात, तर काही जण हिरमुसून धावणेच सोडतात. त्याबरोबर आटोक्यात आलेली साखर आणि पहाटेची मित्रमंडळीही सुटतात.

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी १९८२ मध्ये धावू लागले. १९९६ मध्ये त्यांनी १०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली आणि त्यानंतर त्यांचा धावण्यातला पूर्वीचा उत्साहच ओसरला. हा अनुभव त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मोकळेपणाने मांडला आहे. पण ते घरी बसले नाहीत. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे यांचा मेळ असलेल्या ट्रायथलॉनकडे ते वळले.

फौजासिंगांचा धडा

जालंधरजवळच्या ब्यास गावचे फौजासिंग यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. पत्नी आणि मुलगा गेल्यावर दुःखातून सावरण्यासाठी ते इंग्लंडमध्ये धावू लागले. २००० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन ६ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. २००३ मध्ये टोरोंटोला हीच वेळ ५ तास ४० मिनिटांवर आली. पुढे २०११ मध्ये त्याच शहरात त्यांना ८ तासांहून अधिक वेळ लागला, म्हणजे जवळजवळ अडीच तास जास्त! पण जगाने डोक्यावर घेतले ते याच संथ धावण्याला, कारण तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. जन्मदाखला नसल्याने गिनेसने विक्रम नोंदवला नाही. २०१३ मध्ये त्यांनी स्पर्धा थांबवल्या, पण चालणे सोडले नाही. जुलै २०२५ मध्ये वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

तुलना कुणाशी?

पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्या चाळिशीशी शर्यत लावण्यात शहाणपण नाही. बोस्टन मॅरेथॉनसारखी मानाची स्पर्धासुद्धा वयाचा मान राखते. तिच्या २०२६ च्या प्रवेशासाठी ३५ वर्षांखालील पुरुषांना २ तास ५५ मिनिटांची अट होती, तर ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना ३ तास ५० मिनिटांची.

तेव्हा वेळ कमी होईनाशी झाली की उद्दिष्ट बदला. वर्षभर दुखापतीविना धावणे हेही उद्दिष्टच आहे. कधी रस्ता सोडून टेकडीची पायवाट धरा, कधी एखाद्या नवशिक्याला त्याची पहिली शर्यत पूर्ण करायला सोबत करा. बोलता बोलता धावता येईल इतका वेग ठेवला तर पती-पत्नीही एकत्र धावू शकतात. छातीत दुखले, चक्कर आली तर मात्र लगेच थांबून डॉक्टरांना गाठा.

आणि आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरीच ठेवा. त्या दिवशी किती धावलात यापेक्षा उद्या पुन्हा धावावेसे वाटते का, एवढेच बघा.