नोकरी सोडण्यापूर्वी

जुन्नर-आंबेगावचा कोणी तरुण बांधव नोकरी सोडून धंदा करतो म्हणाला, की आम्ही भांडवलाआधी गिऱ्हाइकाचे विचारतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडल्यावर मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचे होते तरी किती? पण जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली, व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

भांडवलासाठी १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. गिऱ्हाईक कोणतेही महामंडळ देत नाही. म्हणून राजीनाम्याआधी सुटीत नारायणगाव, मंचरचा बाजार हिंडावा. कोण रोखीने घेतो, कोण उधारीवर, हे वहीत टिपावे. (सरकारी नोकरांनी नुसते पाहावे, त्यांना परवानगीशिवाय धंदा करता येत नाही.)