योग्य मापाची ब्रेसियर : घरच्या घरी

गेल्या उन्हाळ्यात एक शिक्षिका तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. स्तनांखालच्या घडीत लाल चट्टे, खाज, आग. आधी दोनदा मी मलम दिले होते. बरे व्हायचे आणि पुन्हा उलटायचे. या वेळी माझे लक्ष त्यांच्या खांद्यांकडे गेले. पट्ट्यांचे खोल वळ! "खांदे तर कायमच दुखतात, पण ते वयाचं असेल," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या वेळी आईने ३८ नंबर आणला, तोच त्या वीस वर्षे मागत होत्या. दुकानात काउंटरपलीकडे पुरुष, शेजारी ओळखीचे गिऱ्हाईक. तिथे मापाची चर्चा कोण करणार? मी तरी कुठे करीत होते? डॉक्टर असूनही माझा स्वतःचा नंबर अंदाजपंचेच होता.

मैत्रिणींनो, स्तनांचा भार मुख्यतः छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो सैल असला की पाठीवर वर सरकतो, मग आपण खांद्याचे पट्टे आवळतो आणि सगळे ओझे खांद्यांवर येते. स्तन नीट उचलले जात नाहीत, घडीत घाम साचतो आणि बुरशीचे फावते.

माप घ्यायला शिंप्याची कापडी टेप आणि आरसा पुरे. पाळीच्या आधी स्तन जड होतात, म्हणून पाळी संपल्यावर मोजावे. श्वास सोडून, स्तनांच्या लगेच खाली टेप घट्टसर धरावी. ती पाठीवरही आडवी सरळ हवी. मग स्तनांच्या सर्वांत उंच भागावरून, न दाबता, दुसरे माप घ्यावे.

या शिक्षिकांचे खालचे माप २९ इंच व वरचे ३६ भरले. जुन्या पद्धतीत खालच्या मापात ४ किंवा ५ मिळवून सम आकडा काढतात : २९ अधिक ५, म्हणजे ३४. वरचे माप त्याहून १ इंच जास्त असेल तर ए कप, २ असेल तर बी, ३ असेल तर सी. म्हणजे त्यांचे माप ३४ बी. काही कंपन्या मात्र काहीच न मिळवता आकडा देतात, म्हणून खोक्यावरचा तक्ता जरूर वाचावा.

आकडा ही केवळ सुरुवात. नवी ब्रेसियर सर्वांत सैल हुकावर नीट बसायला हवी, कारण इलॅस्टिक पुढे ताणतेच. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, जास्त नाही. कपातून स्तन वर किंवा काखेकडे उसळत असेल तर कप लहान. कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा. एक स्तन थोडा मोठा असणे सर्रास आढळते. माप मोठ्याचे धरावे. सुरुवातीला एकच नग घ्यावा आणि बदलून मिळेल का, ते आधीच विचारावे.

बाळाला पाजणाऱ्या आईने घट्ट ब्रेसियर वापरू नये, दूध साकळून गाठ येते. घट्ट ब्रेसियरने कर्करोग होतो ही भीती मात्र सोडा. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ब्रेसियरचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. पण माप घेताना गाठ लागली, त्वचेला खळी पडलेली दिसली किंवा बोंडातून रक्त आले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

त्या शिक्षिकांना मी मलमासोबत एका चिठ्ठीवर '३४ बी' लिहून दिले. त्यांनी ती दुकानात काउंटरवर ठेवली. दुकानदाराने मान वर न करता खोके काढून दिले.