कातकामाची लहान कार्यशाळा व धुळीची व्यवस्था

सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी शिक्षकांना परिचित आहेत. लाकूड फिरते ठेवून त्यास हत्याराने गोल आकार देण्याची ही कातारी विद्या विद्यार्थ्यांस पाहावयास मिळावी, या हेतूने एखादी शाळा लहान लेथ घेऊ इच्छिते. अशा वेळी यंत्राच्या किमतीची चौकशी सर्वजण करतात; धुळीची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिला आकडा धुळीचा असावा.

कातताना निघणाऱ्या ढलप्या जमिनीवर पडतात व झाडून काढता येतात. खरा उपद्रव पॉलिश पेपर लावताना उडणाऱ्या पुडीचा होय. तिच्यातील अतिसूक्ष्म कण डोळ्यांस दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट फुप्फुसांत उतरतात. शिसवीच्या धुळीने कित्येकांच्या कातडीस खाज सुटते व दमही लागतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये दिला आहे.

म्हणून धूळ उगमापाशीच पकडावी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फुंकर दूरवर जाते, ओढ तशी जात नाही. नळाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतके अंतर पडताच ओढ सुमारे एक दशांश उरते. 4 इंची नळ कामापासून वीतभर दूर ठेवला, तर पंखा केवळ आवाज करतो. यास्तव रुंद तोंडाचे पत्र्याचे नसराळे कामाच्या अगदी मागे बसवावे. नळ आखूड, गुळगुळीत व कमी वळणांचा असावा. पंखा व पिशवी भिंतीबाहेर असावी. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. मात्र बाहेरील तोंड वर्गाकडे किंवा पिण्याच्या पाण्याकडे नसावे. समोरची खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा पंख्यास ओढावयास हवा मिळत नाही.

लेथचा आस उभ्या माणसाच्या कोपराइतक्या उंचीवर असावा. लेथ शिक्षकांनी अथवा कातारी कारागिराने चालवावा. सैल बाह्या, पदर व बांगड्या त्याजवळ नसाव्यात. पॉलिश पेपर लावताना नाकास रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मुखपट्टीच हवी. हत्यारांस धार लावण्याच्या चाकाच्या ठिणग्या धुळीच्या नळात जाऊ देऊ नयेत.

काम संपल्यावर पंखा आणखी दहा मिनिटे चालू ठेवावा व टेबले ओल्या फडक्याने पुसावीत. भुशाचे पोते त्याच दिवशी बाहेर न्यावे. पोषण आहाराच्या चुलीजवळ ते ठेवू नये.