वेष घेणे आणि वेष उतरविणे

व्यक्तीचा पोशाख, तिची कला आणि निर्मितीतील तिचे स्वातंत्र्य हे तिच्या स्वत्वाचे आविष्कार होत, हा विचार आता जवळजवळ सर्वमान्य झाला आहे. मनुष्य जे नेसतो, गातो, रंगवितो वा लिहितो, त्यातून तो 'मी कोण' हे सांगत असतो, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकात तथ्य आहेच. परंतु भारतीय साहित्य आणि रंगभूमी यांच्या इतिहासाला ते लावू लागताच एक अडचण उभी राहते. 'वेष' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेष म्हणजे अंगावरचा पोशाख; आणि वेष म्हणजे घेतलेले रूप, सोंग. 'वेषभूषा' हा शब्द पहिल्या अर्थाकडे झुकतो, 'वेषांतर' दुसऱ्याकडे. पहिल्या अर्थाने वेष माणसाला प्रकट करतो, दुसऱ्या अर्थाने तो त्याला झाकतो. ही दोन्ही कामे एकाच शब्दाने करावीत, हा भाषेचा गोंधळ नव्हे. त्यात पिढ्यांच्या अनुभवाची नोंद आहे. मराठी आणि कन्नड या शेजारभाषांच्या प्रदेशातील काही उदाहरणांच्या आधारे या दुहेरीपणाचा उलगडा करण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ बंगळूरच्या मल्लेश्वरमपासून करणे सोयीचे होईल. १८९८ च्या प्लेगनंतर नियोजनपूर्वक वाढलेली ही वस्ती आहे; परंतु तिला जेथून नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराचे देवालय बरेच जुने. तेथील १६६९ च्या शिलालेखात या स्थानाचा 'मल्लपुर' असा उल्लेख असून एकोजी भोसले याने देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. या वस्तीत कन्नड, तमिळ आणि मराठी घरे दीर्घकाळ शेजारी नांदत आली. अशा वस्तीतील एखाद्या मंगलकार्यात लांब लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रिया पाहाव्यात. मराठी नऊवारी आणि तमिळ मडिसार यांच्या लांबीत फारसा फरक नाही. फरक आहे तो नेसणीत. मडिसारातही अय्यर आणि अय्यंगार यांची नेसण वेगळी. जाणत्या डोळ्याला निऱ्यांवरून आणि पदरावरून घराणे ओळखता येते. येथे वेष ओळख सांगतो, यात संशय नाही. मात्र ती ओळख कुळाची आणि जातीची आहे. नेसणारी स्त्री स्वतः कोण, हे त्यातून कळत नाही. तेव्हा पोशाख समूहाची ओळख सोडून व्यक्तीची ओळख केव्हा आणि कसा सांगू लागतो, हा पहिला प्रश्न होय.

याचे एक उत्तर आपल्याला एकोजीच्या पित्याच्या दरबारात सापडते, आणि तेथे पोशाखाचे काम भाषा करते. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि ते शहाजी राजांच्या जहागिरीत गेले. या दरबारात आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' लिहिला. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयरामाला बारा भाषांचे ज्ञान असल्याची ग्वाही त्यात आहे, आणि नाना देशांहून आलेले कवी समस्यापूर्तीसाठी आपापल्या भाषेत रचना सादर करताना त्यात दिसतात. जयराम स्वतः एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ज्या सहजतेने जातो, ती वस्त्रे बदलणाऱ्या नटाची सहजता आहे. यांपैकी कोणती भाषा त्याची 'खरी', हा आपला आधुनिक प्रश्न त्याला पडलेला नाही. त्याचे कवी म्हणून असलेले व्यक्तित्व या बदलण्याच्या कौशल्यातच आहे.

एकोजीने पुढे १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली आणि ही बहुभाषिक दृष्टी तेथे गेली. त्याचा पुत्र शाहराज (कारकीर्द १६८४ ते १७१२) याच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. भाषा हाच तेथे प्रत्येक पात्राचा वेष आहे. तंजावरच्या भोसल्यांची मराठी नाटकेही याच काळातील आहेत. म्हणूनच मराठी नाटकाचा आरंभ १८४३ च्या सांगलीपासून मोजावा की तंजावरपासून, हा वाद अभ्यासकांत चालत आला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, या दरबारी वाङ्मयात अनेक वेष घेण्याची मोकळीक आहे आणि ते बाजूला ठेवण्याचीही आहे. अर्थात ही मोकळीक राजाश्रयाने पुरविलेली होती. तिचा लाभ राजाला आणि त्याच्या कवीला होता. दरबाराबाहेर ती तशीच होती असे मानता येणार नाही.

दरबाराबाहेरचा वेष पाहावयाचा तर संत एकनाथांकडे (१५३३ ते १५९९) वळावे लागते. भारुडांत एकनाथ जोशी होतात, वासुदेव होतात, महार होतात, सासुरवाशीण होतात आणि देवीचा जोगवा मागणारी भक्तही होतात. पैठणच्या विद्वान ब्राह्मणाने ही रूपे घ्यावीत, यात एक सामाजिक धाडस होते. ज्याला समाज ऐकून घेत नाही त्याचा आवाज कवी स्वतःच्या मुखाने ऐकवितो. येथे वेष स्वत्वाला झाकत नाही, विस्तारितो. तथापि भारूड संपल्यावर एकनाथ पुन्हा एकनाथ होतात. ज्यांची रूपे त्यांनी घेतली त्यांना मात्र आपले रूप तसे उतरविता येत नव्हते. या लेखाचा मुद्दा नेमका येथे आहे. वेष स्वत्वाचा आविष्कार ठरतो की बंधन, हे वेषाच्या स्वरूपावरून सांगता येत नाही; तो घेण्याचा आणि उतरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावरून ते ठरते.

या कसोटीवर मराठी रंगभूमीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण तपासून पाहू. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८ ते १९६७), १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिकांनी एक अपूर्व गोष्ट घडविली. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, अंबाडा, त्यावरील फुले, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण मध्यमवर्गीय मराठी घरांतील स्त्रिया करू लागल्या. आपल्याकडे 'फॅशन' या शब्दाने जे सुचविले जाते, म्हणजे कुळाच्या रीतीबाहेरून आलेली आणि आवडीने उचललेली नेसण, ते मराठी स्त्रीजीवनात इतक्या व्यापक प्रमाणावर आले ते बहुधा याच वेळी. आणि ते एका पुरुषाच्या देहावरून आले. गुजराती रंगभूमीवर याच सुमारास जयशंकर भोजक (१८८९ ते १९७५) यांच्याबाबत असेच घडत होते. 'सौभाग्यसुंदरी'मधील भूमिकेमुळे 'सुंदरी' हे त्यांचे कायमचे नाव झाले. तेव्हा हा प्रकार एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. घराच्या उंबऱ्याआड असलेल्या स्त्रीला स्वतःची आवड दाखविण्याचा पहिला नमुना स्त्रीवेषातील पुरुषाने पुरवावा, असा तो काळ होता.

याच काळात नऊवारी लुगडे आणखी एका रंगमंचावर होते. तमाशाच्या फडात स्त्रिया नाचत होत्या, गात होत्या. त्यांचे लुगडे बालगंधर्वांच्या लुगड्याहून फार निराळे नव्हते. निराळा होता तो समाजाचा निवाडा. पुरुषाने नेसले तेव्हा ती कला झाली, घरंदाज स्त्रीने त्याचे अनुकरण केले तेव्हा ती अभिरुची झाली आणि तमासगीर स्त्रीने नेसले तेव्हा तो तिच्या जातीचा व चारित्र्याचा पुरावा ठरला. विठाबाई नारायणगावकरांसारख्या (१९३५ ते २००२) थोर कलावतीलाही हा निवाडा आयुष्यभर सोसावा लागला. फॅशनच्या इतिहासात वस्त्राचे वर्णन पुष्कळ येते, या निवाड्याचे येत नाही. वस्तुतः अर्थ निवाड्यात असतो.

पण बालगंधर्वांना तरी स्वातंत्र्य होते काय? १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटात व्ही. शांताराम यांनी त्यांना एकनाथांची भूमिका दिली. ज्यांनी भारुडांत स्त्रीरूप घेतले त्या संताची ही भूमिका आणि ती करणारा मराठी रंगभूमीचा सर्वश्रेष्ठ स्त्रीवेषधारी नट, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. बोलपटाचे मात्र अपेक्षेप्रमाणे स्वागत झाले नाही. प्रेक्षकांना हवी होती भामिनी. पुरुषवेषातील राजहंसांना ते ओळखावयास तयार नव्हते. पुढील बोलपटात त्यांना मीराबाईच्या रूपात परतावे लागले. कलावंताने निर्मिलेला वेष त्याच्याच अंगाला असा चिकटतो. एकनाथांना जो उतरविता आला तो बालगंधर्वांना उतरविता आला नाही; कारण तोपर्यंत तो वेष तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या मालकीचा झाला होता.

आणि वेष उतरविण्याची वेळ आली तेव्हा दुसरी एक बाजू उघड झाली. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक या स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका केल्या. स्त्रीपार्टी नटाचे युग संपत आले होते. गंधर्व मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या त्या यानंतरच्या काळात. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी, मुसलमान गायिका. बालगंधर्वांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की स्त्रीचा आवाज पुरुषाने घेतला आणि तो परत एका स्त्रीने त्याच्याकडून घेतला, असे म्हणता येते. तरीही बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यातील दैन्याचे खापर मराठी रसिकांनी दीर्घकाळ गोहरबाईंवर फोडले. पुरुषाने घेतलेल्या स्त्रीवेषावर ज्या रसिकांनी प्रेम केले, त्यांनाच तो वेष खऱ्या स्त्रीच्या अंगावर, आणि तीही परभाषिक, परधर्मी, गाणाऱ्या घराण्यातली, सहन झाला नाही. समाजाला कलेतील स्त्री हवी असते. स्वतःच्या नावाने उभी राहणारी स्त्री कलावंत हवी असतेच असे नाही.

याचे उत्तर कर्नाटकातूनच आले. गुब्बी कंपनीत काम केलेल्या आर. नागरत्नम्मा (१९२६ ते २०१२) यांनी १९५८ मध्ये बंगळुरात 'स्त्री नाटक मंडळी' काढली. तीत सर्व भूमिका स्त्रिया करीत. कंसासारख्या उग्र पुरुषभूमिकांसाठी नागरत्नम्मांची विशेष ख्याती झाली. बालगंधर्वांची केवळ उलटी बाजू म्हणून याकडे पाहणे अपुरे ठरेल. बालगंधर्वांच्या काळी नटाला स्त्रीवेष घ्यावा लागत होता, कारण कुलीन स्त्रीला रंगमंच बंद होता. नागरत्नम्मांच्या काळी पुरुष नट उपलब्ध होते. त्यांनी पुरुषवेष निवडला. सक्तीतून निर्माण झालेल्या संकेताचे निवडीत रूपांतर होणे, हीच निर्मितिस्वातंत्र्याची खूण होय.

हे रूपांतर नेहमीच सुखाचे असते असे नाही. एकनाथांनी रूपक म्हणून घेतलेला जोगवा सीमाभागात अनेकांच्या वाट्याला आयुष्य म्हणून आला. सौंदत्तीच्या रेणुका यल्लम्मेला सोडलेल्या पुरुषाला लुगडे नेसविले जाते आणि तो जोगत्या होतो. राजन गवस यांनी 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांत ही वेदना मराठीत आणली. 'भंडारभोग'मधील जोगत्याला लुगडे न मागता मिळते आणि ते टाकून देण्याची सोय नसते. याउलट मंजम्मा जोगती यांचे उदाहरण आहे. घरच्यांनी त्यांनाही दीक्षाच दिली होती. परंतु जोगती नृत्य ही त्यांनी आपली कला केली, २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लुगडे तेच, देवीही तीच. एका ठिकाणी ते ओझे आहे, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचे रूप. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसणार नाही. तो ज्याच्या अंगावर वस्त्र आहे त्याच्याकडूनच कळू शकतो.

१५ एप्रिल २०१४ च्या आपल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच तत्त्व मान्य केले. पोशाख, शब्द, कृती वा वर्तन यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कवीची ओळ आणि सामान्य माणसाने नेसलेले वस्त्र यांना कायद्याने एकाच छत्राखाली आणले. साहित्याच्या अभ्यासकांनी या निर्णयाकडे केवळ कायद्याची बाब म्हणून पाहू नये.

तौलनिक अभ्यासाला यातून एक कामचलाऊ सूत्र मिळते. एखाद्या कृतीत, नाट्यसंकेतात वा पोशाखात स्वत्व प्रकट झाले आहे काय, असा प्रश्न करण्याआधी आपण दोन साधे प्रश्न विचारावेत : हा वेष कोणी निवडला, आणि तो उतरविल्यास किंमत कोणाला मोजावी लागते? जयराम पिंड्ये यांना ती मोजावी लागली नाही. बालगंधर्वांना लागली, गोहरबाईंना त्याहून अधिक लागली, आणि 'भंडारभोग'मधील जोगत्याच्या बाबतीत तर हा प्रश्नच निष्ठुर ठरतो. केवळ शैली, अलंकार आणि सौंदर्य यांचे वर्णन करून थांबणारी समीक्षा या चौघांना एकाच ओळीत बसवील. त्यांच्यातील अंतर मोजणे हे आपल्या विद्याशाखेचे काम आहे.