संगीतसूर्य केशवराव भोसले

आजच्या गायकाच्या हाती ध्वनिक्षेपक असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या संगीत नाटकातील नायकाला ती सोय नव्हती. अभिनय करता करता त्याला स्वतःच गावे लागे आणि त्याचे गाणे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोहोचावे लागे. ही कसोटी आपल्या उंच, तेजस्वी आवाजाने जिंकणारे नट म्हणजे केशवराव भोसले होत. रसिक त्यांना ‘संगीतसूर्य’ म्हणत.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरच्या गरिबीमुळे ते बालवयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. त्या रीतीप्रमाणे ‘शारदा’ नाटकात शारदेची भूमिका करून त्यांनी लौकिक मिळविला. मात्र एवढ्याने ते संतुष्ट राहिले नाहीत. १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी स्थापन केली. नाटक मंडळी चालविणे म्हणजे मोठा संसारच! नट, वादक, पडदे, पोशाख हे सारे बरोबर घेऊन गावोगाव फिरावयाचे आणि सर्वांचा योगक्षेम चालवावयाचा. तो भार वाहत असतानाही रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गायकाकडून त्यांनी संगीताची विद्या घेतली. हुंड्याच्या चालीवर प्रहार करणारे ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटक १९१६ साली त्यांच्याच मंडळीने रंगभूमीवर आणले.

त्या काळी बालगंधर्वांची कीर्तीही शिगेला पोहोचली होती. दोघांच्या मंडळ्या वेगळ्या आणि दोघांचे चाहतेही वेगळे. एकत्र उभे राहिल्यास लोक तुलना करणार, हे उघड होते. तरीही टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ हे नाटक केले. केशवराव शूर नायक धैर्यधर झाले आणि बालगंधर्व मानी भामिनी. धनापेक्षा शौर्य श्रेष्ठ, हे भामिनीला उमगते आणि नाटकाचा शेवट गोड होतो. त्या रात्री हार कोणाचीच झाली नाही. जय झाला तो कलेचा आणि देशकार्याचा.

दुर्दैवाने तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. ललितकलादर्श मात्र थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालविली. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ती वास्तू आगीत सापडली, तेव्हा अनेक नाट्यरसिकांचे डोळे पाणावले. ज्याचे गाणे त्यांपैकी कोणीही प्रत्यक्ष ऐकले नव्हते, त्या नटाविषयीचे प्रेम शंभर वर्षांनंतरही ओसरले नव्हते.