मोटारगाडीच्या एंजिन-नोंदींचे संगणकीय विश्लेषण

मोटारगाडीचे एंजिन चालू असताना त्याच्या फेऱ्यांची गती, आत येणाऱ्या हवेचा दाब, इंधनाचे प्रमाण, प्रज्वलनाची वेळ, तापमान इ. राशींची मूल्ये ठराविक कालांतराने टिपून ठेवली म्हणजे जी सारणी तयार होते, तिला एंजिन-नोंद म्हणतात. या सारणीचे आलेख काढून व राशींची परस्परांशी तुलना करून ट्यूनिंगमधील (इंधन व प्रज्वलन यांच्या जुळणीतील) दोष शोधणे, हा विश्लेषणाचा हेतू असतो. पूर्वी कारागीर हेच काम एंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा वास घेऊन आणि स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून करीत असत. आता त्यासाठी संगणकावर किंवा थेट आंतरजालावर चालणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत.

ऐतिहासिक आढावा : कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनात मिश्रणाचे व प्रज्वलनाचे नियमन यांत्रिक साधनांनी होत असल्यामुळे टिपून ठेवण्याजोगी आकडेवारी गाडीत निर्माणच होत नसे. १९६७ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण प्रणाली फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. १९७६ मध्ये व्होल्वो गाड्यांत लॅम्डा संवेदक (निष्कास वायूतील ऑक्सिजन ओळखणारे साधन) वापरात आला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीतील मोट्रॉनिक प्रणालीने इंधन व प्रज्वलन या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय संगणकाकडे सोपविले. १९८६ मध्ये बॉशने कॅन ही गाडीतील निरनिराळ्या नियंत्रकांना जोडणारी संदेशवहन पद्धती जाहीर केली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल-वर्षापासून नव्या मोटारगाड्यांना ओबीडी-२ ही प्रमाणित निदान-प्रणाली सक्तीची झाली. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतील काही मूलभूत राशी एकाच प्रकारच्या जोडणीने वाचता येऊ लागल्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या भारत स्टेज-६ मानकांतही अशी निदान-प्रणाली अनिवार्य आहे.

नोंदीतील प्रमुख राशी : एंजिनाची गती व त्यावरील भार या दोन राशींवरून एंजिन कोणत्या अवस्थेत आहे हे कळते. बाकीच्या राशींचा अर्थ या दोहोंच्या संदर्भातच लावावा लागतो.

मिश्रणाचे प्रमाण लॅम्डा या अंकाने दाखवितात. इंधन पूर्णपणे जळण्यास नेमकी पुरेल इतकी हवा असल्यास लॅम्डा १ असतो. हवा अधिक असल्यास तो १ पेक्षा जास्त (विरल मिश्रण) व इंधन अधिक असल्यास १ पेक्षा कमी (समृद्ध मिश्रण) असतो. शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत लॅम्डा १ म्हणजे वजनाने १४.७ भाग हवा व १ भाग इंधन. एथॅनॉलसाठी हेच गुणोत्तर सु. ९ आहे. म्हणून भारतात विकल्या जाणाऱ्या २०% एथॅनॉलमिश्रित पेट्रोलसाठी ते सु. १३.५ येते. हवा-इंधन गुणोत्तर दाखविणारी पुष्कळ उपकरणे शुद्ध पेट्रोल गृहीत धरून आकडा देतात. इंधन बदलल्यास त्या आकड्याचा अर्थ बदलतो, लॅम्डाचा मात्र बदलत नाही. यामुळे नोंदीत लॅम्डा वापरणे अधिक निर्दोष ठरते.

प्रज्वलनाची वेळ क्रँकशाफ्टच्या कोनात देतात. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी किती अंश आधी ठिणगी पडली, हे तीवरून समजते. ठिणगी फार लवकर पडल्यास, मिश्रण विरल झाल्यास किंवा आत येणारी हवा फार तापलेली असल्यास मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेटतो. यालाच नॉकिंग म्हणतात. संपूर्ण भारावर ते चालू राहिल्यास दट्ट्याच्या कडा तुटतात व प्रसंगी त्यास भोक पडते. ८६ मिमी. व्यासाच्या सिलिंडरात नॉकिंगमुळे उत्पन्न होणाऱ्या कंपनांची कंप्रता सेकंदाला सु. ६,७०० असते. ही कंपने ओळखणारा संवेदक एंजिनाच्या ठोकळ्यावर बसविलेला असतो. त्याचा संदेश मिळताच नियंत्रक संगणक ठिणगी काही अंशांनी उशिरा पाडतो व ही माघार नोंदीत उमटते.

आज्ञावलीचे कार्य : नोंद बहुधा स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकूर-सारणीच्या स्वरूपात असते. डेटाझॅपसारख्या आंतरजालावरील सेवेत ती चढविली असता ब्राउझरमध्येच आलेख मिळतो व तो दूरच्या तज्ञासही दाखविता येतो. मेगालॉगव्ह्यूअरसारखी आज्ञावली वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालते. या आज्ञावली मुख्यतः तीन कामे करतात : (१) अनेक राशींचे आलेख एकाच कालाक्षावर मांडणे, (२) एका राशीचा दुसरीशी असलेला संबंध बिंदूंच्या आलेखाने दाखविणे, (३) गती व भार यांच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीतील सरासरी काढणे. नियंत्रक संगणकातील इंधनाचे कोष्टकही अशाच चौकटींचे असल्यामुळे तिसरे काम दुरुस्तीस विशेष उपयोगी पडते.

वाचनाची रीत : आज्ञावली आलेख काढते, कारण सांगत नाही. ते वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. समजा, टर्बोचार्जर बसविलेल्या व संपूर्ण भारावर लॅम्डानुसार आपोआप दुरुस्ती न करणाऱ्या एका एंजिनाची नोंद घेतली. मिनिटाला ४,८०० फेऱ्यांच्या पुढे लॅम्डा ०.८५ वरून ०.९५ वर चढला आणि ठिणगीत ४ अंशांची माघार दिसली. केवळ या दोन राशी पाहणारा मनुष्य कोष्टकात इंधन वाढवील किंवा ठिणगीची वेळ कायमची मागे घेईल. परंतु त्याच क्षणी इंधनदाबाची राशी ३०० किलोपास्कलवरून २४० वर उतरलेली असल्यास चित्र पालटते. अंतःक्षेपकातून जाणारा इंधनप्रवाह त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हा फरक एक-पंचमांशाने घटल्यास प्रवाह सु. ११ टक्क्यांनी घटतो व ०.८५ लॅम्डा सु. ०.९५ होतो. म्हणजे मिश्रणातील बदल दाबाच्या घटीने पुरता स्पष्ट होतो. माघार हा परिणाम असून मूळ दोष पंप, गाळणी किंवा दाबनियामक यांत शोधावयास हवा. कोष्टकात इंधन वाढविल्यास दुबळ्या पंपावरील ताण वाढेल व दोष तात्पुरता झाकला जाऊन पुढे एंजिनच निकामी होण्याचा संभव राहील. यावरून एकाच क्षणी बदललेल्या सर्व राशी शेजारी मांडणे आणि आधी काय बदलले ते पाहणे, हा विश्लेषणाचा पाया होय.

मर्यादा : मिनिटाला ६,००० फेऱ्या करणाऱ्या चार सिलिंडरांच्या चतुर्घाती एंजिनात सेकंदाला २०० ज्वलने होतात. नोंद सेकंदाला १० वेळा होत असेल, तर लागोपाठच्या दोन ओळींच्या दरम्यान २० ज्वलने घडून गेलेली असतात. तेव्हा नोंदीत नॉकिंग दिसले नाही, म्हणजे ते घडलेच नाही असे म्हणता येत नाही. लॅम्डा संवेदकापर्यंत निष्कास वायू पोहोचण्यास वेळ लागत असल्याने त्याचे मूल्य इतर राशींच्या किंचित मागे असते. दोन नोंदींची तुलना करताना परिस्थितीही सारखी असावी लागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सु. १०१ किलोपास्कल असतो, तर सु. ५६० मी. उंचीवरील पुण्यास तो सु. ९५ भरतो. तेवढ्याने नैसर्गिक अंतर्ग्रहणाच्या एंजिनाची शक्ती घटते. आलेख गुळगुळीत करण्याच्या सोयीमुळे क्षणिक दोष पुसला जातो, म्हणून मूळ नोंद जपून ठेवणे आवश्यक असते.

सर्वांत महत्त्वाचे असे की, बहुतेक राशी नियंत्रक संगणक स्वतःच सांगत असतो. संवेदक बिघडला असल्यास चुकीचे मूल्यही नीटनेटक्या आलेखात उमटते. म्हणून शंका आल्यास स्वतंत्र दाबमापक किंवा स्वतंत्र लॅम्डा संवेदक लावून पडताळा घेतात. फोक्सवॅगन कंपनीच्या काही डीझेल गाड्यांतील आज्ञावली प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून त्या वेळेपुरतेच प्रदूषण कमी ठेवीत असे. ही गोष्ट २०१५ मध्ये उघड झाली, ती रस्त्यावर स्वतंत्र उपकरणांनी केलेल्या मोजमापांतून सुरू झालेल्या तपासामुळे.

दक्षता : संपूर्ण भारावरील नोंद शक्यतो शक्तिमापन मंचावर किंवा बंदिस्त मार्गावर घ्यावी. चालकाने गाडी चालविताना पडद्याकडे पाहू नये. काही नोंदींत गाडीचा १७ अक्षरांकांचा ओळख-क्रमांक व प्रवासातील स्थाने असतात. आंतरजालावर चढविण्यापूर्वी ती काढून टाकणे इष्ट असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घातले आहेत. प्रदूषण तपासणी केंद्रावर पेट्रोल गाडीची चाचणी बिनभार स्थितीत होत असल्याने, संपूर्ण भारावर मिश्रण वाजवीपेक्षा समृद्ध केल्यामुळे वाढणारा कार्बन मोनॉक्साइड तीत दिसत नाही. नोंदीत मात्र तो दोष लॅम्डाच्या रूपाने स्पष्ट दिसतो. त्यामुळे एंजिनाची शक्ती वाढविण्याप्रमाणेच त्याचे आयुष्य राखणे व हवा स्वच्छ ठेवणे यांसाठीही या विश्लेषणाचा उपयोग होतो.