ताऱ्यांचा फोटो आणि लेकरांचे डोळे
वस्तीत रात्रभर दिवे, त्यामुळे मुलांना तारे दिसतात मोजकेच. नागपूर जिल्ह्यातलं पेंच २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. तिकडे जाणं जमलं नाही, तरी गावी गेलो की अमावस्येच्या सुमारास आम्ही लेकरांना घेऊन अंगणात बसतो. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तोवर मोबाइल बघायचा नाही. मग नाइट मोड आणि टायमर लावून फोन दगडाला टेकवायचा, हात लावायचा नाही. नुसत्या डोळ्यांना न दिसलेले तारेही फोटोत उतरतात आणि पोरं नाचायला लागतात! आम्हा नर्सबायांचं लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे. बाकीचे सहज वावरत असताना एखादं लेकरू सारखं ठेचकाळत असेल, तर तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे आलेला रातांधळेपणा असू शकतो. त्याला लवकर सरकारी दवाखान्यात दाखवा.